वाकड्या हँडलची सायकल आणि कृष्णाकाठचा रस्ता

वाचकहो, सायकल म्हटली की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे एकच सायकल उभी राहते. काळी, उंच, चोवीस इंची, मागे जाड कॅरिअर, त्याला बांधलेली जुन्या ट्यूबची पट्टी, आणि पुढच्या दांडीवर पोराला बसायला गुंडाळलेला टॉवेल. या सायकलीने दुधाच्या किटल्या वाहिल्या, पेंडीची पोती वाहिली, बाजाराच्या दिवशी कोंबड्याही वाहिल्या. आमच्या शेतकी खात्यातली जुनी मंडळी १९८० च्या दशकात प्रशिक्षण व भेट योजनेच्या गावभेटींना याच सायकलीवरून जात. पुढे घरोघर मोटारसायकल आली. ती आली याचे दुःख करण्याचे कारण नाही. आजारी माणसाला रात्री तालुक्याला न्यावे लागते तेव्हा तिची किंमत कळते. पण मळा हाकेच्या अंतरावर असला तरी किक मारल्याशिवाय आपण निघत नाही, हेही तितकेच खरे. आणि ज्याला आपण शहरातल्या लोकांचा रोग म्हणत होतो, तो साखरेचा रोग आता वस्तीवरच्या घरातही येऊन बसला आहे.

तो माझ्याही घरी आला. गेल्या वर्षी कचेरीत आरोग्य तपासणी झाली, तीत माझी साखर वाढलेली निघाली. वय पंचावन्न, नोकरी फिरतीची, पण ते फिरणे सगळे गाडीवरचे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि चालायला सांगितले. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा म्हणाले, "मग सायकल धरा. अंगाचा भार सीटवर राहतो, गुडघ्याला सोपे जाते." पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा सायकलवेडा. त्याने हट्टच धरला की, "मामा, घ्यायचीच तर रस्त्यावरची घ्या. तुमचे सगळे रस्ते डांबरी, पल्ले लांबचे." तिला रोडबाइक म्हणतात. दिवाळी झाल्यावर तीस हजार मोजून ती घरी आणली. सौ.ने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि एवढेच विचारले, "एवढ्या पैशात कॅरिअरसुद्धा देत नाहीत का?"

खरोखरच देत नाहीत. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे पुढे जाऊन खाली वळलेले. आपली जुनी सायकल वीस किलोच्या घरात भरते; ही अकरा किलोची, एका हाताने उचलून ओट्यावर ठेवता येते. टायर इंचभर रुंद, आणि हवा मात्र ऐंशी-नव्वद पौंड! मोटारसायकलच्या पुढच्या चाकात आपण पंचवीस-तीस पौंड भरतो, त्यावरून अंदाज करा. टायर अरुंद आणि टणक असला की रस्त्याला तो थोडासाच टेकतो, म्हणून सायकल हलकी पळते. जाता जाता सांगतो, हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली ज्याने घेतले तो जॉन बॉइड डनलॉप कारखानदार नव्हता. बेलफास्टमध्ये दवाखाना चालवणारा तो जनावरांचा डॉक्टर होता. पोराच्या तीनचाकी सायकलीला धक्के बसतात म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली. पशुवैद्यकाचे उपकार आपल्यावर असे दोन्हीकडून आहेत.

खरी गंमत गिअरची आहे. जुन्या सायकलीला पुढे एक दातेरी चक्र आणि मागे एक. पायडलाचा एक फेरा मारला की ती साधारण पाच मीटर पुढे जाते, चढ असो वा उतार. या सायकलीला पुढे दोन चक्रे, पन्नास आणि चौतीस दात्यांची. मागे आठ, अकरापासून बत्तीस दात्यांपर्यंत. पुढे मोठे आणि मागे लहान चक्र लावले, तर एका फेऱ्यात साडेनऊ मीटर अंतर पडते. पुढे लहान आणि मागे मोठे लावले, तर जेमतेम सव्वादोन मीटर. पल्ला कमी, पण जोरही तितकाच कमी. ब्रेकच्या मुठीला जोडून असलेली पात कडेला दाबली की साखळी या चक्रावरून त्या चक्रावर उडी मारते. हे कागदावर समजायला सोपे आहे. पायाला समजायला मला महिना लागला.

पहिले आठ दिवस मी वसाहतीमागच्या मोकळ्या रस्त्यावरच फिरवली. या सायकलीचे हँडल तल्लख असते. जुनी सायकल म्हणजे शिकलेला बैल, वाट तिची तिला ठाऊक. ही नव्याने जुंपलेल्या खोंडासारखी. नुसता खांदा वळवला तरी वळते. बसणेही ओणवे, त्यामुळे मान दुखते आणि तळहाताला मुंग्या येतात. त्याला उपाय सोपा. हँडल धरायच्या तीन जागा आहेत: वरची आडवी दांडी, ब्रेकच्या मुठी, आणि खालचे वळण. दर पाच-दहा मिनिटांनी जागा बदलायची, कोपर ताठ ठेवायचे नाही. सीट म्हणजे तर लाकडाची फळी. तिचे दुःख पंधरा दिवस राहते, मग कमी होते. आत गादी शिवलेली तंग चड्डी मिळते; साताऱ्यात माझ्या हुद्द्याच्या माणसाने ती घालून चौकातून जायचे म्हणजे धाडसच, म्हणून मी तिच्यावर साधी पँट चढवतो. डोक्याला हेल्मेट मात्र बिनलाजता घालतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा गावाबाहेर पडलो. पल्ला ठरवला लिंबचा. साताऱ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर, पुण्याच्या वाटेवर. तुम्ही हा रस्ता एस.टी.ने शंभरदा गेला असाल. मीही सरकारी जीपमधून पंचवीस वर्षे गेलो. साताऱ्यातून बाहेर पडताना लिंब खिंडीचा चढ लागतो, हे मला नावापुरते ठाऊक होते. जीपमध्ये तो चढ ड्रायव्हरच्या हाताला कळतो, आपल्याला नाही. त्या सकाळी तो माझ्या मांडीला कळला. खिंडीच्या माथ्यावर पाय टेकून उभा राहिलो तेव्हा थंडीतही बनियन ओले झाले होते. मागे अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालेला. पुढे कृष्णेच्या खोऱ्याकडे जमीन अशी काही हळूहळू उतरत गेलेली की कुठे उतार सुरू होतो ते बोट दाखवून सांगता येऊ नये. पण सायकल आपोआप पळायला लागली आणि तिनेच ते सांगितले.

शेतकऱ्यांना आम्ही बांधबंदिस्ती समजावताना सांगतो, उतार डोळ्याने ठरवू नका, नळीने किंवा लेव्हलने मोजा. आता मी त्यात एक साधन वाढवतो. शंभरात एक फूट एवढा उतार डोळ्याला मुळीच दिसत नाही, पण सायकलवरच्या माणसाला तो पन्नास पावलांत कळतो. मुरमाड माळ कुठे संपतो, काळी कुठे सुरू होते, पाणी कोणत्या बाजूला धावत असणार, हे गिअर बदलता बदलता ध्यानात येते. फाट्यावरून आत वळलो तेव्हा शाळूची ताटे कमरेएवढी झालेली होती, नदीच्या अंगाला ऊस. दोन्हींच्या मधली शीव जिथे होती, बरोबर तिथेच मला एक गिअर उतरावा लागला.

लिंबची बारा मोटेची विहीर पाहिली नसेल तर एकदा पाहाच. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली असे सांगतात. अष्टकोनी घडीव दगडाची विहीर, तिला जोडून दुसरी चौकोनी विहीर, आणि दोन्हींच्या मधे, पाण्याच्या वर, चक्क दगडी महाल. पायऱ्या उतरून आत गेलो की बाहेरचा आवाज तुटतो. व्यास पन्नास फूट आणि खोली एकशे दहा फूट सांगतात. वर काठावर मोटांच्या जागा अजून जशाच्या तशा. आमराईसाठी हे पाणी काढले जाई.

तिथे ऐंशीच्या पुढचे एक आबा काठी टेकून बसले होते. माझी सायकल कट्ट्याला टेकलेली. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "साहेब, ही शिंगं खाली कशापायी केली?" मी सांगितले, वाकून बसले की वारा कमी लागतो. मग त्यांना गिअर दाखवले. सायकल उचलून चाक फिरवले, साखळी लहान चक्रावरून मोठ्यावर नेली. आबा म्हणाले, "म्हंजे मोटंच्या धावंवानीच की." आणि त्यांनी मला मोट समजावून सांगितली. नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्द मी पुस्तकात वाचले होते, कधी वापरले नव्हते. बैल पाणी ओढत जातो ती वाट, म्हणजे धाव, मुद्दाम उताराची ठेवायची. बैल उतरणीला लागला की त्याचे स्वतःचे वजनच मोट वर काढते, नुसत्या खांद्याच्या जोरावर ती निघत नाही. धाव लांब आणि उतरती असेल तर बैल दिवसभर टिकतो; आखूड असेल तर दुपारीच बसतो. "जोर येकदम लावायचा न्हाई. पुरवून लावायचा," आबा म्हणाले.

सायकलच्या पुस्तकात हेच दहा पाने भरून लिहिलेले असते. मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे पडतील एवढा गिअर हलका ठेवा, जड गिअरवर दात-ओठ खाऊन रेटू नका, त्याने गुडघे जातात. मी खिंडीतून येताना जड गिअरवर रेटणारे दोन कॉलेजकुमार पाहिले होते. परतताना ते मला माथ्यावर सायकली आडव्या टाकून बसलेले भेटले.

वाईला मी जानेवारीत गेलो. साताऱ्याहून पस्तीस एक किलोमीटर. त्यातला पहिला मोठा तुकडा हमरस्त्याचा, आनेवाडीचा टोलनाका ओलांडून पाचवडपर्यंत. इथे एक गोष्ट बजावून सांगतो. हमरस्त्याच्या मुख्य पट्ट्यात सायकल घालू नका. बाजूचा सेवारस्ता आहे तिथे तो धरा, नाही तिथे अगदी डावी कड. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर शेजारून जातो तेव्हा त्याच्या वाऱ्याने ही हलकी सायकल फूटभर सरकते. शिवाय ट्रॉलीतून बाहेर आलेली टिपरी हाताला लागेल अशी. ट्रॅक्टरवाले बंधू हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, मागच्या ट्रॉलीला तांबडा रिफ्लेक्टर लावा. त्याला शंभर रुपयेही पडत नाहीत, आणि पहाटे धुक्यात ट्रॉली दिसायला दुसरे काही नसते.

पाचवडला डावीकडे वळलो की सारे बदलते. रस्ता लहान, झाडे जवळ. डाव्या हाताला वैराटगड, आणि पुढे वाईच्या मागे डोंगरांची भिंत. लिंबपासून आपण कृष्णेच्या उलट्या अंगाने वर चाललेलो असतो, त्यामुळे रस्ता सपाट दिसला तरी पाय जरा जड राहतात. दम गेला की काय अशी शंका मला येऊ लागली होती. मग बाजूच्या पाटातले पाणी समोरून माझ्याकडे धावत येताना दिसले आणि जीव भांड्यात पडला. हळदीची काढणी नुकती लागली होती. पाला कापून आडवा केलेला, काही रानांत कुदळीने गड्डे निघत होते. ओल्या हळदीचा वास, त्यात उसाच्या पाचटाचा धूर. पाचट जाळू नका म्हणून आम्ही कंठशोष करतो, आणि पहाटेच्या वाऱ्यात हा धूर पहिल्यांदा माझ्याच छातीत शिरला.

वाई चार-पाच किलोमीटर राहिली असेल, तोच मागचे चाक बसले. बाभळीचा काटा, इंचभर लांब. पुढच्या वळणावर टपरीत पंक्चरचे दुकान होते. दुकानदार पंचविशीचा. त्याने टायर काढले, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, घासून ठिगळ लावले. सगळे दहा मिनिटांत, आणि भाच्याच्या पुण्याच्या दुकानातल्यापेक्षा नीट. पण हवा भरायची वेळ आली आणि घोडे अडले. या सायकलीच्या ट्यूबचा वॉल्व्ह काडीसारखा बारीक असतो, टोकाला छोटी चकती उलटी फिरवून तो उघडावा लागतो. आपल्याकडच्या कॉम्प्रेसरचे तोंड त्यावर बसत नाही. भाच्याने माझ्याकडे पितळेची एक टोपी दिलेली होती, करंगळीच्या नखाएवढी. ती वॉल्व्हवर फिरवली की तो मोटारसायकलच्या वॉल्व्हसारखा होतो. टोपी बसली, हवा भरली. तुमच्या घरातल्या कुणी अशी सायकल घेतली, तर ही टोपी आणि एक जादा ट्यूब सीटखालच्या पिशवीत असलीच पाहिजे. टोपी वीस-पंचवीस रुपयांची आहे, पण ती नसली तर सायकल टेम्पोत घालून घरी आणावी लागते. त्या पोराने टोपी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "काका, असल्या सायकली रविवारी लई जात्यात हितनं. पन माझ्याकडं थांबत न्हाईत." मी माझ्याकडची दुसरी टोपी त्याला दिली. त्याने लगेच ती तारेत ओवून खिळ्याला अडकवली.

हे चालले असताना शाळेच्या पाच-सहा मुली सायकलींवरून येऊन थांबल्या. एकीला हवा भरायची होती. तिची नजर माझ्या सायकलवर. "काका, किती किलोमीटर आलाव?" तीस, म्हणालो. तिने मान डोलावली, पण विशेष काही वाटल्याचे दिसले नाही, कारण ती स्वतः रोज जाऊन-येऊन बारा करते. तिची सीट मात्र पार खाली दाबलेली होती. पायडल वर आले की गुडघा जवळजवळ हँडलला लागत होता. मी विचारले, गुडघा दुखतो का? म्हणाली, "रोज संध्याकाळी. आई तेल लावून देती." दुकानदाराकडून पाना घेतला, सीट तीन बोटे वर केली. तिला बसवून पाहिले. टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेले की पाय सरळ व्हावा, मग चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडासाच वाकतो. थांबताना पायाचा चवडा जमिनीला टेकला म्हणजे पुरे. ती शंभर पावले जाऊन परत आली आणि म्हणाली, "हलकी झाली की ओ!" मग बाकीच्यांनी रांग लावली.

पालकहो, हे आजच आपल्या घरी करून पाहा. सायकल घेताना पोर लहान असते म्हणून सीट खाली ठेवतो. पोर वाढते, सीट तिथेच राहते. महागड्या सायकलीचे पहिले शास्त्र ते हेच, आणि जुन्या सायकलीला ते फुकट लागू होते. दुसरे शास्त्र चेनला आठवड्याने तेलाचे चार थेंब देण्याचे. तेल दिल्यावर फडक्याने पुसून घ्यायचे, नाहीतर धूळ चिकटून त्याचेच कानशीसारखे काम सुरू होते.

वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले, घाटावर पोहे खाल्ले. तिथून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली ती. वसईहून घाट चढवून हे ओझे इथवर कसे आणले असेल, असा प्रश्न गाडीतून उतरलेल्या माणसाला पडत नाही. अकरा किलोची सायकल घेऊन आलेल्याला तो लगेच पडतो.

एक काळजीची गोष्ट. साखरेची गोळी घेणाऱ्याने लांबच्या पल्ल्याला निघण्याआधी डॉक्टरांना विचारले पाहिजे. श्रमाने साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मी खिशात खडीसाखर ठेवतो आणि बाटलीत लिंबू-मीठ घातलेले पाणी. तासाला एखादे केळे. उपाशीपोटी निघत नाही. आणि कुणी विचारील म्हणून सांगून टाकतो: माझी साखर उतरली आहे, गोळी अर्धी झाली आहे, बंद झालेली नाही.

पसरणीचा घाट शिवजयंतीच्या सुट्टीला चढायचा ठरवला, १९ फेब्रुवारीला. सायकल आदल्या संध्याकाळी वाईच्या नातलगांकडे नेऊन ठेवली होती. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटर, पाचगणी तेराशेच्या जवळपास. बारा-तेरा किलोमीटरांत एवढी उंची चढायची. म्हणजे शंभर फूट पुढे गेलो की पाच फूट वर, आणि असे न थांबता वरपर्यंत. तरबेज सायकलवाल्यांना हा घाट म्हणजे काहीच नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत जोडीने पुरी करून आले. जवळजवळ चार हजार आठशे किलोमीटर. पण आपण आपल्या मानाने बोलावे.

पहाटे सव्वासहाला निघालो. वाईबाहेर कुठे तरी हळद शिजत होती, तिची वाफ थंडीत जमिनीलगत पसरलेली. पसरणी गाव लागले. हे शाहीर साबळ्यांचे गाव. गाव मागे पडले आणि चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर सगळ्यात हलका गिअर लावला: पुढे चौतीस, मागे बत्तीस. आता हातात आणखी गिअर उरला नव्हता. पहिले दोन किलोमीटर छाती भात्यासारखी चालली. मग एक युक्ती सापडली. वर पाहायचेच नाही. पुढच्या चाकासमोरचे दहा फूट पाहायचे आणि श्वास मोजायचा. पेरणीच्या वेळी मोठ्या वावराच्या दुसऱ्या टोकाकडे न बघता काकरीकडे बघतात, तसे. थोड्या वेळाने दम लागलेला असूनही स्थिर झाला. गती किती, तर तासाला आठ किलोमीटर. रस्त्याच्या कठड्यावरचे माकड माझ्याबरोबर काही अंतर सहज चालत आले.

तेवढ्यात वरून घोषणांचा आवाज येऊ लागला. प्रतापगडावरून शिवज्योत घेऊन निघालेली पोरे होती. पायांत काही नाही, हातात मशाल, मागे एक टेम्पो भगवा झेंडा लावलेला. रात्रभर पळत आलेली, तरी पायांत लय होती. मशाल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती न थांबता जात होती. मी डाव्या कडेला, ती उजव्या अंगाने खाली. एकाने मला पाहून मशाल उंच केली आणि ओरडला, "चला काका, ऱ्हायलंय थोडंच!" थोडे काही राहिले नव्हते, बुवासाहेबांचे मंदिरही अजून यायचे होते. पण त्यानंतरचा एक किलोमीटर कसा गेला ते कळले नाही.

मंदिराजवळ पहिल्यांदा पाय टेकला. तिथून मागे वळून पाहा. खाली वाईची घरे, धोम धरणाचे पाणी डोंगरांच्या बेचक्यात पसरलेले, आणि त्याखाली कृष्णेच्या दोन्ही काठांनी हिरवा पट्टा. तो पट्टा कुठे रुंद आहे आणि कुठे चिंचोळा, कालवा कोणत्या उंचीवरून गेला आहे, कालव्याच्या वरचे रान अजून कसे पिवळे आहे, हे सारे नकाशासारखे दिसते. कृषी विद्यालयातल्या मुलांना वर्गात लाभक्षेत्र शिकवण्याऐवजी एकदा इथे आणून उभे करावे, असे मनात आले. कालव्याच्या वरची ती पिवळी रानेही कुणाची तरी आहेत, आणि आमच्या अहवालात ती 'उर्वरित क्षेत्र' या एका ओळीत बसतात.

आणखी दोनदा थांबून, एक तास चाळीस मिनिटांनी दांडेघरच्या नाक्यावर पोचलो. चहा घेतला. चहावाल्या मावशींनी सायकल पाहिली, मला पाहिले, आणि न विचारता चहात आले जास्त घातले. शेजारी स्ट्रॉबेरीचे शेतकरी गाडी लावून बसले होते. ऑगस्ट-सप्टेंबरात रोपे लावायची, गादीवाफ्यावर काळा कागद, ठिबक, आणि डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत तोडा. दिवसाआड पहाटे उठून. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गाडीवर बसलेल्या माणसाची चिंता वेगळी होती: ऊन लवकर चढले तर फळ मऊ पडते आणि मुंबईला पोचेपर्यंत रस सुटतो. पाव-पाव किलोची दोन खोकी घेतली आणि पाठीवरच्या पिशवीत ठेवली.

उतरणे हे चढण्याहून जोखमीचे आहे, हे ध्यानात ठेवा. हात हँडलच्या खालच्या वळणावर, बोटे ब्रेकवर, पायडल आडवी. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. चाकाची कड तापते. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वळणाच्या आधी गती कमी करायची, वळणात नाही. पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा जोरकस असतो, तो एकटा कधी आवळायचा नाही. वळणावर सांडलेले तेल, बारीक खडी, यांवर नजर. पावसाळ्यात हा घाट धुक्याने भरतो आणि कडेला शेवाळ धरते. नवख्याने तेव्हा इकडे फिरकू नये. वर जायला शंभर मिनिटे लागली, खाली यायला अर्धा तास, आणि त्यातली दहा मिनिटे चाके निवायला दिलेली.

वाईहून पुढे साताऱ्यापर्यंत ऊन लागले. घरी पोचून पिशवी उघडली तर मावशींच्या शेजारच्या गाडीवाल्याचे बोलणे खरे झाले होते. खालच्या खोक्यातल्या स्ट्रॉबेरीचा लगदा झाला होता. सौ.ने तो वाटीत काढला, साखरेच्या डब्याकडे हात नेला, माझ्याकडे पाहिले आणि डबा परत फळीवर ठेवला.